उसातला वाघ आणि 'त्याची जागा जंगलात' ही गोष्ट

आजचा भाग मी पुण्याच्या फ्लॅटवर नाही, गावी कळंबला बसून रेकॉर्ड करतोय. त्यामुळे मागे मोटारीचा, ट्रॅक्टरचा, कुत्र्यांचा आवाज आला तर समजून घ्या. आणि कुत्र्यांचा आवाज अचानक बंद झाला तर मात्र मी रेकॉर्डिंग थांबवणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्याकडच्या लोकांना का ते लगेच कळेल. बाकीच्यांना थोड्या वेळात.

तर कळंब. धाराशिवचं नाही, यवतमाळचंही नाही. पुणे-नाशिक रस्त्याने मंचर सोडून नारायणगावकडे निघालं की घोड नदी लागते, तिथलं आंबेगाव तालुक्यातलं कळंब. एका अंगाला नदी, आणि बाकी बघाल तिकडे ऊस. म्हणजे बिबट्याही आलाच. आमच्याकडे जुनी माणसं बिबट्या म्हणत नाहीत, सरळ 'वाघ' म्हणतात. पट्ट्यांचा वाघ इथे कुणी पाहिलेला नाही, पण वाघ म्हटलं की कुणाचा गोंधळही होत नाही.

२०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आमच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबुतच्या पट्ट्यात, तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यात तीन माणसं गेली. त्यातली दोन मुलं होती. गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाणारी माणसं तुम्ही तेव्हा रील्समध्ये पाहिली असतील. काहींना ते गमतीचं वाटलं. मला नाही वाटलं, कारण माझे वडील रात्री दारं धरायला जातात. शहरातल्यांसाठी सांगतो: दारं धरणं म्हणजे उसाच्या सरीत पाणी फिरवणं. एक सरी भरली की दार बंद करायचं, दुसरीचं उघडायचं. मोटार चालायला थ्री फेज लाईट लागते, आणि ती आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. माणूस वाकून, हातात बॅटरी घेऊन, डोक्यापेक्षा उंच उसाच्या कडेला. वाकलेला माणूस बिबट्याला माणूस दिसतच नाही, असं म्हणतात.

मी सुट्टी टाकून घरी आलो आणि आण्णांना म्हटलं, रात्रीचं जाऊ नका. तर म्हणाले, "मग पाणी काय तू हिंजवडीतनं सोडणार हायेस का?"

यावर उत्तर नव्हतं. मग वाद पुढे सरकला. आण्णांचं म्हणणं सरळ होतं: "वाघाची जागा जंगलात. इथून उचलायचा, तिकडं नेऊन सोडायचा. यात अवघड काय हाय?" मी म्हटलं, आण्णा, हे करून झालंय, आणि आपल्याच भागात. त्यांना विश्वास बसेना. खरं तर मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा बसला नव्हता. आजचा भाग त्या वादातून आलाय. वाटेत आपण अमेरिका, इंग्लंड, दक्षिण आफ्रिका सगळीकडे जाऊन येणार आहोत, पण परत इथे, उसातच येऊ.

२००१ ते २००३ या काळात मी चार-पाच वर्षांचा होतो. मला आठवतं ते एवढंच, की दिवेलागणीला आजी आम्हा सगळ्या पोरांना आत घेऊन कडी लावायची आणि संडासला जायचं असेल तर दोन मोठी माणसं सोबत यायची. आमचा भाग येतो जुन्नर वनविभागात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर असे चार तालुके त्यात. त्या वर्षांत इथे मोठ्या प्रमाणावर पिंजरे लागले, बिबटे पकडले गेले आणि आसपासच्या जंगलांत नेऊन सोडले गेले. सरासरी अंतर साडेएकोणचाळीस किलोमीटर. हेतू चांगलाच होता. मारायचं नाही, माणसांना त्रास नको, प्राण्याला त्याचं घर मिळेल. सगळे खूश.

२००३पासून विद्या अत्रेय या अभ्यासक जुन्नर वनविभागात या प्रश्नावर काम करू लागल्या. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हल्ल्यांच्या नोंदी मांडल्या आणि २०११मध्ये 'कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी' या नियतकालिकात शोधनिबंध आला. आकडे असे: मोठ्या प्रमाणावर हलवाहलवी सुरू होण्याआधी, म्हणजे १९९३ ते २००१, जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले. सुरू झाल्यानंतर वर्षाला सरासरी १७. म्हणजे ३२५ टक्के वाढ. आणि हल्ल्यांपैकी जीवघेणे किती? आधी १८ टक्के, नंतर ३६.

थांबा. मी सॉफ्टवेअरवाला आहे. दोन गोष्टी एकत्र वाढल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं नसतं, हे आम्हाला पहिल्याच नोकरीत शिकवतात (किंवा रात्री तीन वाजता प्रॉडक्शन पडल्यावर आपोआप कळतं). निबंध लिहिणारेही सावध आहेत. हलवण्यामुळे हल्ले वाढले असावेत, असं ते म्हणतात. पण कारणं पटण्यासारखी आहेत. पकडलेला, पिंजऱ्यात धडपडलेला प्राणी अनोळखी जागी सोडला जातो. तिथे आधीच दुसरे बिबटे असतात. तो परत निघतो, आणि वाटेत माणसांच्या वस्त्याच असतात. इकडे रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा कुणीतरी येतो.

आता मला खरी गंमत कुठे वाटते सांगतो. हा निर्णय कुणी एका माणसाने मूर्खपणाने घेतला नव्हता. तो सगळ्यांना 'साहजिक' वाटला होता. आण्णांना २०२५मध्येही साहजिकच वाटतो. वाघाची जागा जंगलात, हे आपल्याला कुणी शिकवलं?

इथे आपण शंभर वर्षं मागे जाऊ. अमेरिकेत नेब्रास्काच्या गवताळ माळांवर वाढलेला फ्रेडरिक क्लेमेंट्स नावाचा वनस्पतीशास्त्रज्ञ होता. १९१६मध्ये त्याने एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं: एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींचा समूह हा नुसता जमाव नसतो, तो एक मोठा जीवच असतो. तो जन्मतो, वाढतो, प्रौढ होतो. जमीन उघडी पडली तर आधी गवत, मग झुडपं, मग झाडं, असं करत शेवटी त्या हवामानाला साजेसा एकच ठरलेला समूह तयार होतो. प्रत्येक जागेची एक खरी, पूर्ण अवस्था असते आणि प्रत्येक प्रजातीचं तिथे एक काम असतं, जसं शरीरात यकृताचं असतं.

पुढे या विचारसरणीला एक नाव जोडलं गेलं: होलिझम. मराठीत समग्रतावाद म्हणतात. अख्खं हे भागांच्या बेरजेपेक्षा जास्त असतं, हा त्याचा गाभा. हा शब्द १९२६मध्ये रूढ केला यान स्मट्सने. हो, तोच दक्षिण आफ्रिकेचा जनरल स्मट्स, ज्याने गांधीजींना तुरुंगात टाकलं आणि ज्याला गांधीजींनी तुरुंगात स्वतः बनवलेल्या चपला भेट दिल्या. अख्ख्या विश्वाच्या एकतेवर पुस्तक लिहिणारा हा माणूस आपल्या देशात गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवण्याच्या बाजूचा होता. प्रत्येकाची आपापली नैसर्गिक जागा असते, या कल्पनेचं हे दुसरं टोक. मला हे वाचून जरा दचकायला झालं होतं.

त्याच १९२६मध्ये हेन्री ग्लीसन नावाच्या दुसऱ्या अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञाने अगदी उलटं लिहिलं. तो म्हणाला, समूह वगैरे काही नाही. प्रत्येक प्रजाती आपापल्या गरजेप्रमाणे, आपापल्या नशिबाने जिथे जगता येईल तिथे जगते. बी वाऱ्याने आलं, माती जमली, उगवलं. शेजारी कोण आहे हा योगायोग. जंगल हे शरीर नाही, एसटी स्टँड आहे. (स्टँडची उपमा माझी, ग्लीसनची नाही.) त्याला तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. मोठमोठ्या लोकांनी दुर्लक्ष केलं आणि तो न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात झाडांच्या वर्गीकरणाच्या कामात रमला. वीसेक वर्षांनी लोकांनी डोंगरउतारांवर प्रत्यक्ष झाडं मोजली, आणि प्रजाती गटागटाने नाही तर एकेकट्या कमी-जास्त होताना दिसल्या, तेव्हा त्याची आठवण झाली. अख्ख्याचं कोडं सोडवायचं तर ते सुटं करा, एकेका भागाकडे बघा, या दृष्टीला रिडक्शनिझम म्हणतात. माझ्या धंद्यात याला डीबगिंग म्हणतात.

आता या चष्म्यातून जुन्नरकडे बघा. वरवर पाहता पिंजऱ्याचा उपाय रिडक्शनिस्ट वाटतो. अडचण आहे, तर तो एक भाग काढा, दुसरीकडे बसवा. बऱ्याच लेखांत तुम्हाला असंच वाचायला मिळेल, की अधिकाऱ्यांनी सुट्या बिबट्याकडे पाहिलं, अख्खी परिसंस्था पाहिली नाही, म्हणून फसलं. मला हे अर्धंच पटतं. कारण भाग उचलून बसवायचा कुठे, हे सांगणारी कल्पना होती क्लेमेंट्सची. जंगल हे अख्खं, बिबट्या त्याचा अवयव, आणि ऊस ही त्याची चुकीची जागा. म्हणजे चूक अख्खं न पाहण्याची नव्हती. अख्खं पाहिलं होतं, पण भलतंच.

मग खरं अख्खं कोणतं? यासाठी तिसरा माणूस लागतो. इंग्लंडचा आर्थर टान्स्ली. १९३५मध्ये तो स्मट्सच्या आफ्रिकन शिष्यांवर आणि क्लेमेंट्सच्या 'मोठ्या जिवा'वर वैतागला आणि त्या वैतागातून एक नवा शब्द छापून आला, इकोसिस्टिम. शाळेच्या पुस्तकात आपण हा शब्द 'सगळं कसं एकमेकांशी जोडलेलं आहे' अशा गोड सुरात शिकतो. तो मुळात गोड सुराला विरोध म्हणून आला होता, हे मला कुणी शिकवलं नाही. टान्स्लीचं म्हणणं: जीव आणि माती-पाणी-हवा मिळून एक व्यवस्था बनते. ती व्यवस्था आपण अभ्यासासाठी वेगळी काढतो, तिच्यात काही आत्मा वगैरे नसतो. आणि माणूस त्या व्यवस्थेबाहेरचा नाही. माणसाने बनवलेली व्यवस्था हीसुद्धा अभ्यासायची व्यवस्थाच.

तर आमची व्यवस्था बघू. घोड नदीवर डिंभे धरण झालं, तिकडे जुन्नरमध्ये माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे. कुकडी प्रकल्पाचे कालवे फिरले. जिथे आजोबांच्या वेळी बाजरी आणि मटकी व्हायची, तिथे ऊस उभा राहिला. पारगावला भीमाशंकर कारखाना, जुन्नरला विघ्नहर. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो. आत गारवा, जवळ पाणी, दिवसा माणूस आत शिरत नाही. बिबटीण तिथेच विते. ऊसतोडीच्या हंगामात फडात पिल्लं सापडतात, मग वनखात्याची माणसं येतात, संध्याकाळी क्रेटमध्ये पिल्लं तिथेच ठेवतात आणि लांब थांबतात. अंधारात आई येते, एकेक उचलून नेते. ही पिल्लं ज्या घरात जन्मली ते घर ऊस आहे. त्यांना 'जंगलात परत' कसं सोडणार? ती तिथून आलीच नाहीत.

आणि खातात काय? अकोले तालुका आमच्यापासून फार लांब नाही. तिथे अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरा ट्रॅप लावून मोजलं. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात अशा शेतजमिनीत १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ बिबटे. नंतर विष्ठेचा अभ्यास झाला. वजनाच्या हिशोबाने खाण्यातला ८७ टक्के भाग पाळीव किंवा माणसांच्या आसपासच्या जनावरांचा, आणि त्यात एकटी कुत्री ३९ टक्के. शेळीपेक्षा कुत्रं जास्त. आता कळलं, कुत्री गप्प झाली की मी का थांबणार ते?

कुत्री कशावर जगतात? उकिरड्यावर, हॉटेलांच्या खरकट्यावर, पोल्ट्रीवाल्यांनी टाकलेल्या मेलेल्या कोंबड्यांवर. म्हणजे साखळी अशी: धरण, ऊस, पैसा, पोल्ट्री, कचरा, कुत्रं, बिबट्या. आणि या साखळीच्या बरोबर मध्ये रात्रीच्या लाईटचं वेळापत्रक, जे माणसाला बिबट्याच्या वेळेला बिबट्याच्या घराजवळ नेऊन उभं करतं. हे अख्खं आहे. यात ठरलेलं, परिपूर्ण, निसर्गाने नेमून दिलेलं काहीही नाही.

पण होलिझम जिंकला असं म्हणायची घाई नको. हे सगळं कळलं कसं? एकेका प्राण्याकडे बघून. शेपटीजवळ चिप टाकून, गळ्यात जीपीएस कॉलर घालून, प्रत्येकाला वेगळं ओळखून. २००९मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा नर बाहेर काढला गेला. त्याला कॉलर घालून माळशेज घाटात सोडलं. 'आजोबा' म्हणायचे त्याला. हा आजोबा घाट उतरला, रेल्वे स्टेशन ओलांडलं, वसईची खाडी पार केली आणि साधारण पंचवीस दिवसांत सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालून मुंबईच्या जंगलापाशी पोहोचला. वाटेत कुणावर हल्ला नाही. २०११च्या डिसेंबरमध्ये गाडीच्या धडकेत गेला, चिपवरून ओळख पटली. २०१४ला त्याच्यावर मराठी सिनेमा आला, बघितला नसेल तर बघा. 'बिबट्या' या एका शब्दाखाली सगळे सारखेच मोजले असते तर आजोबाची गोष्ट कळलीच नसती. कुठला बिबट्या, कुठून उचलला, कुठे गेला, हे सुटं-सुटं बघणाऱ्याने अख्ख्याचा नकाशा काढला.

हाच वाद १९८०मध्ये तत्त्वज्ञानाच्या एका नियतकालिकात फार तिखटपणे झाला होता. एका बाजूला डॅनियल सिम्बरलॉफ. या गड्याने साठच्या दशकाच्या शेवटी एडवर्ड विल्सनबरोबर फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर खारफुटीची छोटी बेटं तंबूने झाकून, धुरी देऊन त्यातले सगळे किडे मारले आणि परत कोण येतं ते मोजत बसला. (आज परवानगी मिळेल का, शंका आहे.) साधारण वर्षभरात प्रजातींची संख्या जवळपास पूर्वीएवढी झाली, पण प्रजाती बऱ्याच वेगळ्या. १९८०च्या लेखात त्याने म्हटलं, मोठा जीव काय आणि इकोसिस्टिम काय, दोन्ही जुन्या ग्रीक आदर्शवादाची भुतं आहेत. निसर्ग शक्यतांवर चालतो, ते मान्य करा. त्याला उत्तर दिलं रिचर्ड लेविन्स आणि रिचर्ड लेवॉन्टिन यांनी. लेविन्स गणिती पर्यावरणशास्त्रज्ञ, पण तरुणपणी प्वेर्तो रिकोमध्ये शेती केलेला माणूस. त्यांचं म्हणणं ढोबळपणे असं: भुतं घालवायची म्हणून अख्खंच नाकारू नका. भाग अख्ख्याला घडवतात आणि अख्खं भागांना घडवतं, दोन्ही एकाच वेळी.

मी या दोघांच्या बाजूने आहे, आणि कारण तत्त्वज्ञान नाही, ऊस आहे. उसाने बिबट्या बदलला. कुत्रं खाणारा, ट्रॅक्टरला न घाबरणारा, माणसाच्या घराभोवती फिरून माणसाला न दिसणारा. आणि बिबट्याने आम्हाला बदललं. गोठ्याला जाळी आली, अंगणात झोपणं गेलं, पोरं शाळेला घोळक्याने जातात, शेळ्या पाळणं काहींनी सोडलं. पण सिम्बरलॉफची बेटं मी विसरत नाही. जागा आणि खाणं तेवढंच ठेवून रहिवासी काढले, तर आकडा परत भरतो. येतात ते मात्र नवे. आणि अनोळखी बिबट्या जुन्यापेक्षा बरा असेल याची हमी काय?

हे सगळं मी आण्णांना सांगितलं. मोबाईलवर आलेख काढून दाखवला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मग विचारलं, "पिंपरखेडच्या पोराच्या आईला दाखवशील का ह्यो?"

नाही दाखवणार. सरासरीचं हे एक वाईट असतं. वर्षाला चार हल्ले हा आकडा सतरापेक्षा चांगला आहे, पण त्या चारांतला एक आपल्या घरातला असेल तर? माणसाला धरलेला बिबट्या पकडलाच पाहिजे, किंवा मारलाही पाहिजे, यात मला शंका नाही. आक्षेप आहे तो शेळी उचलली, वाटेत दिसला, फोटो व्हायरल झाला म्हणून दिसेल तो उचलून दुसऱ्याच्या गावाशेजारी सोडण्याला. माणिकडोहला निवारा केंद्र आहे, पण तिथे मावून मावून किती मावतील? सध्या नसबंदीची चर्चा आहे. तिच्याने आकडा काही वर्षांनी कमी होईलही, पण रात्रीची लाईट आणि उकिरडा तिथेच राहिला तर उरलेल्या बिबट्यांचं आणि आमचं भेटणं चुकणार नाही. दिवसा थ्री फेज द्या, ही मागणी आमच्याकडचे शेतकरी कितीतरी वर्षं करतायत. आतापर्यंत मला ती वीजबिलाच्या खात्यातली मागणी वाटायची.

आण्णांशी वाद मिटलेला नाही. त्यांनी एक मात्र मान्य केलं, की आमच्या बांधापलीकडच्या उसात जी बिबटीण आहे ती चार वर्षं तरी तिथेच आहे आणि तिने आजवर माणसाच्या वाटेला जायचं टाळलंय. "ती शहाणी हाय," म्हणाले. मी म्हटलं, मग तिला उचलायचं का? त्यावर काही बोलले नाहीत, चहा मागवला.

आज लाईट साडेनऊला येणार आहे. बॅटरी चार्ज झालीय, काठीला घुंगरू बांधलंय आणि मी मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून सोबत जाणार आहे. कुत्री अजून भुंकतायत. तर आजचा भाग इथेच थांबवतो. तुमच्या भागात बिबट्या असेल तर काय करता ते कमेंटमध्ये नक्की लिहा. पुढच्या भागात भेटू.